गरम, तेलकट, आंबट: स्वयंपाकघरातली रसायनं कमी कशी करायची

टपरीवरचा चहा ऑफिसात पातळ पिशवीतून येतो. गाठ सोडून तो कपात ओतेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ वाफाळता, दुधाचा चहा गरम पदार्थासाठी न बनवलेल्या प्लॅस्टिकला लागून असतो. उडप्याकडचं पार्सल सांबार, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरलेलं लोणचं, दोन्हीकडे हेच घडतं. प्लॅस्टिकमधली रसायनं अन्नात उतरतात ती मुख्यतः उष्णता, तेल-तूप आणि आंबटपणा यांच्यामुळे. यातली काही रसायनं स्तनाच्या कर्करोगाच्या दृष्टीने काळजीची आहेत. म्हणून सगळं घर एकदम बदलायला जाऊ नका, सुरुवात या तिघांपासून करा.

स्तनाच्या कर्करोगाशी याचा संबंध इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे येतो. बीपीएसारखी (कडक प्लॅस्टिक बनवायला वापरलं जाणारं रसायन) काही रसायनं शरीरात या संप्रेरकाची नक्कल करतात आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवरच पोसतात. बीपीएबाबतचा पुरावा अजून मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतला आहे. डीडीटी या कीटकनाशकाचं तसं नाही. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात गर्भवतींचं रक्त जपून ठेवलं होतं. ज्यांच्या रक्तात डीडीटी सर्वाधिक होतं, त्यांच्या मुलींना वयाच्या ५२व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचं प्रमाण जवळपास चौपट आढळलं. हा निष्कर्ष २०१५ साली आला. त्यामुळे घरात गर्भवती किंवा वयात येणारी मुलगी असेल, तर पुढचे बदल आधी तिच्या ताटापासून करा.

डबे आणि बाटल्या

डबा उलटा करून तळाचा त्रिकोण बघा. आत ३ असेल तर तो पीव्हीसी, अन्नासाठी नकोच. ७ असेल आणि प्लॅस्टिक काचेसारखं पारदर्शक, कडक असेल, तर ते बहुधा पॉलिकार्बोनेट, म्हणजे बीपीएपासून बनलेलं. अशा बाटलीत उकळतं पाणी ओतल्यावर बीपीए सुटण्याचा वेग ५५ पटींपर्यंत वाढल्याचं २००८ साली सिनसिनाटी विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलं. पाण्याचे २० लिटरचे निळे जारही बहुतेक याच प्लॅस्टिकचे असतात. टेम्पोवर उन्हात तापलेला जार घेऊ नका, घरात तो खिडकीपासून दूर ठेवा, ओरखड्यांनी पांढुरका पडला असेल तर बदलून मागा. ‘बीपीए-फ्री’ या शिक्क्यावर फार विसंबू नका. त्याच्या जागी येणारं बीपीएससुद्धा इस्ट्रोजेनसारखं वागतं.

५ क्रमांकाचा डबा कोरड्या डाळी-पिठांसाठी ठीक. मायक्रोवेव्हमध्ये मात्र काच किंवा चिनी मातीच ठेवा. ‘मायक्रोवेव्ह सेफ’चा अर्थ डबा वितळत नाही इतकाच. लोणच्याला बरणी, डब्याला स्टील, चहा आणायला स्टीलचा थर्मास. वडापाव वर्तमानपत्रात घेऊ नका: गरम तेल शाई विरघळवतं, आणि २०१८च्या नियमांनुसार छापील वर्तमानपत्रात अन्न बांधायला बंदी आहे. पिशवीतून एक डबा काढून पुढे करायचा, एवढंच.

भाजी धुताना

जुडी सोडा, मुळं कापा, माती नळाखाली घालवा. मग एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम खायचा सोडा विरघळवून भाजी किंवा फळं १२ ते १५ मिनिटं बुडवून ठेवा आणि वाहत्या पाण्यात दोनदा खंगाळा. याच प्रमाणाने सफरचंदाच्या पृष्ठभागावरची दोन कीटकनाशकं निघाल्याचं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने २०१७ साली दाखवलं. सालीत मुरलेला अंश मात्र निघाला नाही. तिथे साल काढणं हाच उपाय.

नेहमी चूक होते ती भाजी आधी चिरून मग भिजवण्यात. तसं केलं की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात. साबण वापरू नका, तो भाजीत शिरतो. फ्लॉवरचे तुरे मात्र सुटे करूनच बुडवावे लागतात, नाहीतर पाणी आत पोचत नाही. रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालक-माठाला धुण्याचा उपयोग नाही, कारण जड धातू मुळांवाटे पानात जातात. भाजी कुठली, हे भाजीवाल्याला विचारत जा. पण या भीतीने भाज्या कमी करू नका, त्यात नुकसान जास्त आहे.

चरबी आणि मासे

डीडीटीची शेतीतली फवारणी भारतात १९८९ साली बंद झाली, पण ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि चरबीत साठतं. कचरा जळताना तयार होणारं विषारी डायऑक्सिनही तसंच, ते आपल्यापर्यंत मुख्यतः मांस, दूध आणि मासळीतून येतं. चिकनची कातडी आणि पिवळी चरबी काढून टाका. मटणाच्या रश्श्यावर थिजलेला थर चमच्याने काढा. मासळीत मांदेली, बोंबील नेहमी चालतील. मोरीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे कमी खा, कारण लहान माशांतलं सगळं त्यांच्यात जमा होतं. अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र पाजणं थांबवू नये. दुधात अंश असले तरी स्तनपानाने आईचाच धोका कमी होतो.

नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका, खरवडला गेला की टाकून द्या. भाकरी-चपातीला लोखंडी तवा आहेच.

दारूबद्दल स्पष्ट सांगायला हवं. स्तनाच्या कर्करोगाशी तिचा संबंध वरच्या कुठल्याही डब्यापेक्षा पक्का आहे आणि थोडी घेतली तरी धोका वाढतो. पाळी गेल्यानंतर वाढलेल्या वजनाचंही तसंच.

आणि डबे बदलले म्हणून तपासणी टळत नाही. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. काखेत किंवा स्तनात गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, रक्ताळ स्राव, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात पालिकेच्या रुग्णालयात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही.