जेट लॅग: उजेड कधी घ्यावा आणि कधी टाळावा

लांबच्या विमानप्रवासानंतर येणारा थकवा दोन प्रकारचा असतो आणि त्यांची गल्लत केल्यामुळे बरेच उपाय वाया जातात. अपुरी झोप, विमानातली कोरडी हवा आणि तासन् तास एका जागी बसून राहणे यांमुळे आलेला शिणवटा एका शांत झोपेनंतर बहुतांशी ओसरतो. जेट लॅग मात्र तसा जात नाही, कारण शरीराच्या आतले घड्याळ अजून निघालेल्या ठिकाणच्याच वेळेवर चालत असते. म्हणूनच उत्तरेकडून दक्षिणेकडे एकाच टाइम झोनमध्ये कितीही लांब गेले तरी जेट लॅग होत नाही. पूर्व-पश्चिम प्रवासात तीन किंवा अधिक टाइम झोन ओलांडले की तो सहसा जाणवू लागतो.

हे घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात असते आणि डोळ्यांत शिरणारा उजेड त्याला दररोज बाहेरच्या दिवसाशी जुळवून घेतो. बहुतेक माणसांमध्ये त्याचे चक्र 24 तासांपेक्षा किंचित मोठे असते, त्यामुळे उशिरा झोपणे शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि शरीर दिवसाला साधारण दीड तास या गतीने जुळते. पूर्वेकडे जाताना ही गती जेमतेम एक तासाची असते. आठ तासांचा फरक असेल तर पूर्वेला पूर्ण रुळायला आठवडाभर लागणे स्वाभाविक आहे, हे आधीच ठाऊक असले की तिसऱ्या रात्री झोप आली नाही म्हणून घाबरायला होत नाही.

तयारी निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून करता येते. पूर्वेला जायचे असेल तर रोज अर्धा ते एक तास लवकर झोपावे, तेवढेच लवकर उठावे आणि उठल्याबरोबर उजेडात जावे. पश्चिमेला जायचे असेल तर झोपेची वेळ तशीच पुढे ढकलावी. आदल्या रात्री सामान बांधत जागणे मात्र टाळावे, कारण झोपेची थकबाकी घेऊन निघालेल्या माणसाला पुढचे सारेच जड जाते.

खरी मेख उजेडाच्या वेळेत आहे. शरीराचे तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेच्या सुमारे दोन ते तीन तास आधी सर्वांत कमी असते. या क्षणाच्या आधीच्या काही तासांत मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप आणखी उशिरा येऊ लागते. त्याच्या नंतरच्या तासांत मिळालेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे झोप लवकर येऊ लागते. समजा, एखादी व्यक्ती रोज सकाळी सातला उठते. तिचा हा नीचांक पहाटे साडेचारच्या आसपास असेल. ती आठ तास पूर्वेला गेली, तर तेच साडेचार तिथे दुपारचे साडेबारा होतील. तिथे उतरल्यावर सकाळी आठ वाजता ती उत्साहाने उन्हात फिरली, तर शरीराच्या लेखी ती मध्यरात्री बारा वाजता उजेडात उभी असते आणि घड्याळ नेमके उलट्या दिशेला सरकते. तिने दुपारी बारा-साडेबारापर्यंत घरात राहावे, बाहेर पडावेच लागले तर गडद गॉगल लावावा आणि एकनंतर दोन-तीन तास मोकळ्या उजेडात घालवावेत. पुढच्या प्रत्येक दिवशी ही सीमा साधारण तासभर अलीकडे आणावी. ‘उतरल्याबरोबर सकाळचे ऊन घ्या’ हा सरसकट सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. कमी अंतराच्या प्रवासाला तो लागू पडतो, मोठ्या अंतराला नाही.

पश्चिमेला गणित सोपे आहे. आठ तास पश्चिमेला तोच नीचांक रात्री साडेआठच्या सुमारास येतो, त्यामुळे दुपारनंतरचा आणि संध्याकाळचा उजेड भरपूर घ्यावा व स्थानिक रात्रीपर्यंत जागे राहावे. पहाटे तीनला जाग येईलच. तेव्हा दिवे लावू नयेत, फोन हाती घेऊ नये, अंधारात पडून राहावे. फरक दहा-बारा तासांचा असेल, तर पूर्वेला जातानाही घड्याळ मागे ढकलत नेणे बऱ्याचदा सोयीचे पडते.

दिवसा डोळ्यांवर झापड आलीच तर अलार्म लावून वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी. कॉफी दिवसाच्या पहिल्या भागात उपयोगी पडते, पण तिचा अंमल अनेक तास टिकतो, म्हणून झोपण्याआधी सहा-आठ तास ती बंद करावी. मद्याने झोप लागते खरी, पण ती तुटक असते. जेवण स्थानिक वेळेला आणि सुरुवातीला हलकेच ठेवावे, कारण पचनसंस्थेचेही स्वतःचे घड्याळ असते.

मेलाटोनिन हे अंधारात मेंदूतून स्रवणारे संप्रेरक गोळीच्या रूपातही मिळते. पूर्वेच्या प्रवासानंतर मुक्कामाच्या ठिकाणी झोपण्याच्या वेळी अर्धा ते पाच मिलिग्रॅम मात्रा पहिले काही दिवस घेतल्यास मदत होते. भलत्या वेळी घेतल्यास दिवसभर गुंगी राहते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, अपस्मार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. इन्सुलिनसारखी वेळेला बांधलेली औषधे असतील, तर प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल, तर शरीराला नव्या वेळेवर आणण्याचा खटाटोप करू नये. शक्य तितके मूळ वेळेनुसार झोपावे आणि महत्त्वाच्या भेटी आपण एरवी जागे असतो त्या तासांत ठरवाव्यात. मुक्काम लांबचा असो वा छोटा, उतरल्याच्या दिवशी स्वतः गाडी चालवायला बसू नये.