न्यूरोसर्जन व्हायचंय? आधी वॉर्ड बघून या

नीटचा निकाल लागला त्या संध्याकाळी भाची पेढे घेऊन आली. बसल्या बसल्या म्हणाली, "मावशी, मला न्यूरोसर्जन व्हायचंय. मग कुठलं कॉलेज टाकू?"

मी भूलतज्ज्ञ आहे. केस असेल तशी पुण्यातल्या दहा-बारा हॉस्पिटलांत जाते. वेगवेगळ्या कॉलेजांतून शिकून आलेले सर्जन मला टेबलापलीकडे रोज दिसतात. तिला जे सांगितलं ते इथे लिहितेय, कारण जून-जुलैत हाच प्रश्न घरोघरी असतो.

आधी वर्षं मोजा. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि इंटर्नशिप एक. मग एमएस जनरल सर्जरी तीन, त्यावर न्यूरोसर्जरीचं एमसीएच, म्हणजे एमएसच्या वरची पदवी, आणखी तीन. मध्ये एकही वर्ष वाया गेलं नाही तरी साडेअकरा. प्रत्येक टप्प्याला नवी प्रवेश परीक्षा. म्हणजे एमबीबीएसचं कॉलेज तुम्हाला न्यूरोसर्जन करत नाही. ते तुमचा हात आणि नजर तयार करतं, आणि ब्रांच, म्हणजे पुढे घ्यायची वैद्यकीय शाखा, खरोखर आवडते का हे कळायची संधी देतं. माझ्या बॅचमध्ये पहिल्या वर्षी जी ब्रांच सांगितली तीच शेवटी घेतली, असे फार थोडे निघाले. मी स्वतः बालरोगतज्ज्ञ होणार होते.

ते का झालं नाही, हे सांगायलाच हवं. माझ्या कॉलेजची इमारत देखणी होती, मुलांच्या वॉर्डात खाटा मात्र रिकाम्या. इन्स्पेक्शनच्या दिवशी खाटा भरायला आसपासच्या गावांतून बसने माणसं यायची, संध्याकाळी परत जायची. आम्ही त्यांच्या केस लिहून काढायचो. आजारी मूल म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं. मणक्यातून पाणी काढायची पहिली सुई मी एमडीला आल्यावर टोचली, तेव्हा हात थरथरत होता. कॉलेज निवडताना आमच्या घरातल्या कुणीच वॉर्डात पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून माझा पहिला आग्रह हाच, की वॉर्ड बघून या.

साध्या कामाच्या दिवशी, सोमवारी-मंगळवारी सकाळी नऊला जा. ओपीडीच्या केसपेपरची रांग बघा. मग दुपारी तीननंतर पुन्हा जा आणि कॅज्युअल्टीबाहेर अर्धा तास बसा. ससूनमध्ये, म्हणजे बी. जे. मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, हे दृश्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बी. जे. मेडिकलची ताकद त्या गर्दीत आहे. पण तिथे वर्षाला अडीचशे मुलं घेतात आणि पीजीचे, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकणारे, रेसिडेंट डॉक्टरही भरपूर, त्यामुळे एका खाटेभोवती पंधरा जण उभे असतात आणि पुढे सरकायला धिटाई लागते. लहान बॅचच्या कॉलेजात सर तुम्हाला नावानं ओळखतील, पण पेशंटच नसतील तर त्या ओळखीचं काय करणार?

गेटवर चहा पिणाऱ्या इंटर्नला गाठा. "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका, सगळे "चांगलंय" म्हणतात. "गेल्या महिन्यात टाके किती घातलेस? लेबर रूममध्ये बाळंतपणं स्वतः केलीस की नुसती बघितलीस?" असं विचारा. आकडा पटकन आला तर समजा, तिथे हात चालतो.

ब्रांचचा विचार इथे येतो. मनात जी असेल त्या विभागाला पीजीच्या जागा आहेत का, हे कॉलेजच्या वेबसाइटवर बघा. पीजी असलेल्या विभागात रात्रीही कुणीतरी केस बघत असतं, आणि तुमच्याहून थोडे मोठे रेसिडेंटच तुम्हाला खरं शिकवतात. न्यूरोसर्जरीची ओढ असेल तर अपघाताचे पेशंट येतात का आणि रात्री सीटी स्कॅन चालू असतो का, ते विचारा. मानसोपचारात रस असेल तर येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय शहरातच आहे. विद्यार्थ्यांना तिथे पोस्टिंगला पाठवतात का, हा प्रश्न करा. कारण इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराला दोनच आठवडे मिळतात, तर कम्युनिटी मेडिसिनला (सार्वजनिक आरोग्याला) बारा. आणि एक गैरसमज: दीनानाथ, रुबी किंवा रास्ता पेठेतलं केईएम, जिथे आपण उपचाराला जातो, तिथे एमबीबीएस होत नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. फी हा ब्रांचचाच प्रश्न आहे. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढे फी जाते, म्हणजे साडेचार वर्षांत कोटीच्या घरात. हे कर्ज डोक्यावर असलेलं पोर एमबीबीएस झाल्यावर आणखी सहा वर्षं शिकायला मोकळं राहत नाही. कमाई सुरू होऊन हप्ते लवकर फेडता येतील अशी ब्रांच ते शोधतं. शेत किंवा फ्लॅट गहाण टाकण्याआधी आईवडिलांनी ही सगळी वर्षं कागदावर मांडून बघावीत. सरकारी कॉलेजातही एक वर्षाचा सेवेचा बॉन्ड असतो. एएफएमसीत, म्हणजे पुण्यातल्या सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात, फीची चिंता नाही, पण पुढे सैन्यदलात सेवा करावी लागते. ती मनापासून हवी असेल तरच ते नाव टाका.

परराज्यात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं पीजीच्या जागांमधलं रहिवासावरचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. ज्या संस्थांतून एमबीबीएस केलं, त्यावरून मिळणारं प्राधान्य मात्र मर्यादित प्रमाणात राहू शकतं. तेव्हा एमबीबीएस कुठे करता, याचा परिणाम पीजीच्या वेळी जाणवेल.

शेवटी प्रेफरन्स फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम. गेल्या वर्षीचा कटऑफ बघून क्रम लावू नका. ज्या क्रमानं कॉलेज खरंच हवं आहे, त्याच क्रमानं भरा. वरचं नाव मिळालं नाही म्हणून खालच्या नावाची संधी जात नाही. आणि जिथे नंबर लागला तर रडत जावं लागेल, ते नाव यादीत घालूच नका. भाचीनं पहिल्या रविवारी चौदा नावं लिहिली होती. तीन कॉलेजांचे वॉर्ड बघून आल्यावर आठ उरली, आणि वरची दोन नावं बदललेली होती.