नवे अलॉय व्हील बसवताना टायर घासू नये म्हणून काय मोजावे

नवे अलॉय बसवलेली गाडी तीव्र वळणावर किंवा गतिरोधकावरून उतरताना खरखरू लागली, की टायर कुठेतरी घासतो आहे हे उघड असते. ही चूक चाक बसवणाऱ्याच्या हातून क्वचितच होते. बहुतेक वेळा ती चाक विकत घेतानाच झालेली असते. म्हणून पैसे देण्याआधी मूळ चाकाची मापे लिहून काढावीत आणि नव्या चाकाची मापे त्यांच्याशी ताडून पाहावीत. ‘या गाडीला हे चाक बसते’ एवढ्या आश्वासनावर विसंबू नये, कारण बसणे म्हणजे हबवर (चाक ज्यावर नटांनी आवळले जाते त्या भागावर) चढणे आणि न घासणे म्हणजे पूर्ण वळलेल्या, पूर्ण दबलेल्या अवस्थेतही मोकळे फिरणे. या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे.

पीसीडीबाबत, म्हणजे नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाबाबत, तडजोड नाही. 5×114.3 (पाच नट, 114.3 मिमी व्यास) च्या हबवर 5×112 चे चाक नट आवळून बसवता आल्यासारखे वाटले तरी नट तिरपे बसतात आणि ते पुढे सैल होऊ शकतात. चाकाचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर योग्य मापाची हब रिंग घालून चाक मध्यावर आणता येते. ते लहान असेल तर चाक बसणारच नाही.

घासण्याचा प्रश्न खरा ठरतो तो ऑफसेटवर. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातील अंतर म्हणजे ऑफसेट. ते मिलिमीटरमध्ये असते आणि रिमवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेले असते. आजच्या बहुतेक मोटारींचा ऑफसेट धन असतो, आणि तो जितका जास्त तितके चाक आत, सस्पेन्शनकडे जाते. कमी केला तर चाक बाहेर, फेंडरकडे म्हणजे चाकावरच्या बॉडीच्या पत्र्याकडे सरकते. मात्र ऑफसेट एकटा पाहून चालत नाही, रिमची रुंदीही सोबत धरावी लागते. समजा, मूळ चाक 6 इंच रुंद आणि ईटी 45 आहे. 6 इंच म्हणजे 152.4 मिमी आणि त्याचे निम्मे 76.2. त्यातून 45 वजा केले की चाकाची बाहेरची बाजू हबच्या पृष्ठभागापासून 31.2 मिमी बाहेर येते, आणि 45 मिळवले की आतली बाजू 121.2 मिमी आत जाते. आता साडेसहा इंची, ईटी 38 चे चाक घेतले तर हेच आकडे 44.6 आणि 120.6 होतात, म्हणजे आतली जागा जवळपास होती तेवढीच राहते आणि सगळी वाढ, सुमारे 13 मिमी, बाहेर फेंडरकडे जाते. ऑफसेट 45 च ठेवला असता तर हीच वाढ दोन्ही बाजूंना साधारण सहा-सहा मिलिमीटर वाटली गेली असती. कोणता पर्याय योग्य, हे आपल्या गाडीत कुठे किती जागा शिल्लक आहे यावरून ठरते. तेरा मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण फेंडरची आतली कड आणि टायरचा खांदा यांच्यात अनेकदा तेवढीही जागा नसते.

दुसरा आकडा टायरच्या एकूण व्यासाचा. 185/65 आर 15 या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, 185 मिमी रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे 120.25 मिमी, तिची दुप्पट आणि 15 इंचांचे 381 मिमी मिळून व्यास 621.5 मिमी होतो. 195/55 आर 16 चा व्यास याच हिशेबाने 620.9 मिमी येतो, म्हणून रिम एक इंच मोठी करताना ही जोडी चांगली जुळते. त्याच रिमवर 195/60 घेतला तर व्यास 640 मिमीपर्यंत जातो. टायर वर, पुढे आणि मागे तिन्हीकडे साधारण 10 मिमी फुगतो आणि स्पीडोमीटरही प्रत्यक्षापेक्षा सुमारे 3 टक्के कमी वेग दाखवू लागतो. मूळ व्यासापासून 1 ते 2 टक्क्यांच्या आत राहावे असे माझे ठाम मत आहे. याच ठिकाणी भारांक, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, तोही पाहून घ्यावा: 185/65 आर 15 वर सामान्यतः 88 म्हणजे 560 किलो लिहिलेले असते, तर 195/55 आर 16 च्या साध्या टायरवर 87 म्हणजे 545 किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर घेऊ नये. त्याच मापात 91 भारांकाचा, जास्त भार पेलणारा टायर मिळतो, तो घ्यावा.

टायरवर छापलेली रुंदी नेमक्या ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायर साधारण 5 मिमी फुगतो, शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर खांद्याला कमीजास्त चौकोनी असतात. हिशेबात काही मिलिमीटर राखून ठेवण्याचे कारण हेच.

आता प्रत्यक्ष गाडी. ती सपाट जागेवर उभी करून फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडावा आणि तो टायरच्या खांद्यापासून किती बाहेर लोंबतो ते मोजावे. नंतर चाक पूर्ण वळवून टायरची मागची कड आणि आतले प्लॅस्टिक लायनर यांच्यातील अंतर, आणि चाक सरळ असताना टायर आणि स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) यांच्यातील अंतर पाहावे. या जागांचे स्वरूप वेगवेगळे आहे. पुढचा स्ट्रट चाकाबरोबरच वर-खाली होतो आणि वळतो, त्यामुळे तिथले अंतर जवळपास कायम राहते आणि 5 ते 6 मिमी मोकळी जागाही पुरते. फेंडर आणि लायनर मात्र बॉडीला जोडलेले असल्याने खड्ड्यात चाक दबले की त्यांच्यातील आणि टायरमधील अंतर झपाट्याने कमी होते. तिथे उभ्या गाडीत दिसणाऱ्या जागेवर भरवसा ठेवता येत नाही.

टायर चढवण्याआधी मोकळी रिम हबवर बसवून, दोन-तीन नट हाताने लावून, ती फिरवून पाहावी. रिमचे आरे ब्रेक कॅलिपरपासून किमान 3 मिमी लांब असावेत, आणि आतल्या बाजूला चिकटवायची बॅलन्सची वजने कॅलिपरच्या वाटेत येणार नाहीत हेही तपासावे. एकदा टायर चढवला की रिम परत घेतली जाणे अवघड असते, त्यामुळे ही पायरी गाळू नये. मग एकाच रिमवर टायर चढवून ते चाक पुढे लावावे, फेंडरच्या आतल्या कडेला आणि लायनरच्या संशयास्पद जागी मऊ क्लेचे छोटे गोळे चिकटवावेत, मागच्या सीटवर माणसे बसवून गाडी अगदी सावकाश एका बाजूने उंचवट्यावर चढवावी आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. दबलेल्या गोळ्याची उरलेली जाडी म्हणजेच त्या जागी सर्वात वाईट स्थितीत शिल्लक राहणारी जागा. गोळा पूर्ण पुसला गेला असेल तर टायर तिथे घासणारच. मागच्या चाकाचीही अशीच, सामान भरून, परीक्षा घ्यावी.

घासणे आढळलेच, तर ते कुठे आहे त्यावर उपाय अवलंबून असतो. लायनर सैल असेल तर तो नीट आवळून किंवा गरम करून मागे दाबून बसवावा. आतल्या बाजूला स्ट्रटशी घासत असेल तर 3 ते 5 मिमीचा स्पेसर (हब आणि चाक यांच्यात घालायची चकती) चालतो, पण नट त्याच्या बोल्टच्या जाडीइतका तरी थ्रेडवर चढला पाहिजे. 12 मिमी जाडीच्या आणि 1.5 मिमी पिचच्या बोल्टवर त्याला पूर्ण आठ फेरे मिळाले पाहिजेत. फेंडरच्या आतील कड रोलरने वाकवता येते, मात्र रंग आधी गरम केला नाही तर तडे जाऊन तिथे गंज धरतो. टायर एक माप अरुंद घेणे हा मला या सर्वांहून साधा आणि सुरक्षित मार्ग वाटतो. स्प्रिंगची वेटोळी कापणे, अरुंद टायर ताणून रुंद रिमवर चढवणे किंवा टायरमध्ये जास्त हवा भरणे यांपैकी काहीही करू नये.

शेवटी नट चाकाच्या आसनाला जुळणारेच वापरावेत. शंकूच्या आसनात गोल बुडाचा नट कधीच नीट बसत नाही. ते ताऱ्याच्या क्रमाने, गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर टॉर्क रेंचने आवळावेत आणि 50 ते 100 किमी चालवल्यावर पुन्हा तपासावेत. त्याच वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली बाजू टॉर्चने पाहावी. ट्रेडच्या कडेला फिकट, गुळगुळीत पट्टा दिसला तर लायनर पुन्हा नीट करावा. पण साइडवॉलवर चर पडलेली किंवा आतले धागे दिसत असतील तर तो टायर तिथेच उतरवावा आणि पुन्हा वापरू नये.