बागेतली रेल्वे पुन्हा चालू करताना

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेले, बागेतल्या छोट्या मॉडेल रेल्वेचे ४५ मिमी गेजचे (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेले) पितळी रूळ काळे पडणारच. गाडी लगेच ठेवू नका. गवत उपटा, वाहून गेलेली खडी भरा, बोगद्यात मुंग्यांचं वारूळ नाही ना तेही बघा. मग रुळांचा माथा आणि आतली कड बारीक पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तारेची घासणी मुळीच नको. तिचे लोखंडी कण मोटरच्या चुंबकाला चिकटतात.

इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, त्यामुळे खरी गोम रुळांच्या सांध्यांत असते. इंजिन चालू असतानाच मल्टिमीटरने कंट्रोलरपाशी (रुळांना वीज देणाऱ्या डब्यापाशी) आणि दूरच्या टोकाला व्होल्टेज मोजा, कारण रिकाम्या रुळांवर आकडा फसवा येतो. फरक मोठा असेल तर सांधे उघडून साफ करा. मी तर सरळ त्या दूरच्या तुकड्याला कंट्रोलरपासून वेगळी वायर जोडेन.