गणपतीला कोकणात पाहुणे म्हणून जाताय? पेढ्यांऐवजी हे न्या

गणपतीत कोकणातल्या घरी मुक्कामाला जाताना आपण सवयीने पेढ्यांचा बॉक्स घेतो. तिथे मोदक, पंचखाद्य आणि इतरांनी आणलेली मिठाई इतकी असते की तो बॉक्स तसाच पडून राहतो. नारळ तर परसातलेच.

त्यापेक्षा त्या घराच्या खर्चाचा विचार करा. संध्याकाळी भजनी मंडळी येतात आणि प्रत्येकाला चहा, सोबत उसळ किंवा चिवडा द्यावा लागतो. म्हणून चांगली चहा पावडर एक किलो, साखर, काबुली चणे किंवा वाटाणे न्या. यजमानीणबाई मनापासून खूश होतात. चिवडा नेणार असाल तर कांदा-लसूण नसलेलाच घ्या, बऱ्याच घरांत या दिवसांत ते चालत नाही.

सिंधुदुर्गात किंवा गोव्यात जात असाल तर माटवीसाठी (गोव्यात तिला माटोळी म्हणतात), म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळं बांधायच्या लाकडी चौकटीसाठी, डाळिंब, मोसंबी अशी फळं न्या. ती देठासकट हवीत, नाहीतर बांधता येत नाहीत. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचली पाहिजेत, नंतर त्यांचा उपयोग नाही.

एक वस्तू मात्र स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईसाठी वेगळी, तिच्याच हातात द्या. सुती साडी किंवा गाऊन, तिला रोज वापरता येईल असं काहीतरी. देवासमोर ठेवलेलं सगळं घराचं होतं, हे तिचं असतं.