सोलापुरात जगाचा शेवट शूट करायचाय? मग आधी कानाचं बघा

जग संपलंय, चार माणसं उरलीत आणि बाहेर अंधारात काहीतरी फिरतंय, या टाईपच्या पाच शॉर्टफिल्म आम्ही पोरांनी मिळून केल्यात. सगळ्या मोबाईलवर, सगळ्या सोलापुरात, आणि एकाही फिल्मला वीस हजाराच्या वर खर्च नाही. दर वेळी कुणीतरी नवीन पोरगं येतं आणि विचारतं की दादा धुराचं मशीन भाड्यानं कुठं मिळेल, ड्रोन कुणाकडं आहे, पडलेल्या बिल्डिंगा कम्प्युटरवर कशा करायच्या. नेटवर हेच सल्ले भरलेत आणि हेच सल्ले ऐकून पोरांचे पैसे जातात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. मोबाईल, ट्रायपॉड आणि एडिटिंग येणारा एक मित्र तुमच्याकडं आहे असं धरून चालतो.

पहिलं म्हणजे गोष्ट. या प्रकारच्या पिक्चरांचे जे ठरलेले साचे आहेत, एकच घर, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या, रेडिओवरची तुटक बातमी, जखम लपवणारा एक जण, शेवटी आतल्या माणसांचीच भांडणं, ते सगळे खिशातून आलेत. दुसरं लोकेशन परवडत नाही म्हणून एक घर. शहर पडताना दाखवता येत नाही म्हणून रेडिओ. राक्षसाचा मेकअप बरा नाही म्हणून अंधार. १९६८ चा ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ बघा, ब्लॅक अँड व्हाईट, बराचसा पिक्चर एका जुन्या फार्महाऊसमध्ये, आणि रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलेलं. रिलीजच्या वेळी प्रिंटवर कॉपीराईटची सूचना टाकायची राहिली म्हणून तो सगळ्यांसाठी खुला झाला, म्हणजे आजही फुकट आणि कायदेशीर बघता येतो. दोनदा बघा, आणि दुसऱ्या वेळी प्रत्येक सीनला विचारा की इथं पैसे कसे वाचवले. साचा वापरायला लाजू नका, पण तो कशासाठी आहे हे माहीत असू द्या.

दोन गोष्टी मात्र मी करूच देत नाही. एक, सुरुवातीला जाड आवाजात ‘अमुक साली एक विषाणू आला’ असं सांगणं. काय झालं हे कुणाला कळायची गरज नाही, आता काय होणार एवढंच प्रेक्षकाला हवं असतं. दुसरी, इंग्रजी पिक्चरमधलं सामान उचलून आणणं. आपल्या घरात कुठं असतात बीन्सचे डबे? आपल्याकडं कडक भाकरी आहे, महिनोन्‌महिने टिकते, मोडताना जो कट्टकन आवाज येतो तो अंधारात धोकादायक वाटतो, आणि सोबत शेंगाचटणी. जगायला याहून जास्त काय लागतं? आणि पाणी. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात अर्धा भरलेला बॅरल दाखवला की डायलॉगची गरजच राहत नाही, सोलापूरचा माणूस बघताक्षणी मनात हिशोब सुरू करतो की घरात किती जण, किती दिवस पुरेल. आमच्या तिसऱ्या फिल्मचं अख्खं भांडण एका तांब्यावरून होतं आणि लोकांना आजही तोच सीन आठवतो.

जागा आणि परवानगी. ओळखीच्या माणसाचं पडीक घर किंवा बंद पडलेला कारखाना घ्या, मालकाला भेटून, तोंडी नाही, कागदावर. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, नान्नजचं माळढोक अभयारण्य वनखात्याकडं, तिथं गुपचूप कॅमेरा काढू नका. आणि शूटच्या आदल्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात आणि गल्लीत सांगून या, कारण पहाटे साडेपाचला रक्तानं माखलेला माणूस हातात पहार घेऊन पळताना बघितला की एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खरंच काहीतरी व्हायचं.

रक्त काकवीत खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घालून होतं, मुंग्या लागतात, डब्याला झाकण ठेवा. अंगावरच्या धुळीसाठी मुलतानी माती. सिमेंट कुणीही लावायचं नाही, घामात भिजलं की कातडी भाजते.

रिकामा रस्ता पहाटे मिळतो, दुसरा उपाय नाही. २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मधलं ओसाड लंडन असंच पहाटे, थोडी थोडी मिनिटं ट्रॅफिक थांबवून, साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांवर घेतलंय. आपल्याकडं मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, त्याआधी कॅमेरा लागलेला पाहिजे, सातला दूधवाले, रिक्षा, पेपरवाले सगळे सुरू. अजून एक, हा मी सहसा कुणाला सांगत नाही. मेच्या १० तारखेच्या आसपास सोलापुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली काही क्षण दिसतच नाही. त्या वेळी मोकळ्या रस्त्यावर एक माणूस उभा करून वरच्या गच्चीवरून घ्या. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलंय ते कळत नाही पण काहीतरी चुकलंय हे जाणवतं, आणि खर्च शून्य. फक्त ॲक्टरला टोपी, पाणी, आणि टेक झाला की लगेच सावलीत, त्या उन्हात दहा मिनिटंसुद्धा लई होतात.

आता मुख्य काम, जिथं मी स्वतः दोन फिल्म वाया घालवल्या. शांतता.

संपलेलं जग म्हणजे शांत जग, एवढं सगळ्यांना कळतं, आणि मग सगळे तीच चूक करतात जी मी केली. पहिल्या फिल्ममध्ये हिरो घराबाहेर येतो तिथं मी साऊंडट्रॅक पूर्ण काढून टाकला, एकदम शून्य. मला वाटलं होतं लोक श्वास रोखून बसतील. हॉलमध्ये काय झालं, दोन माणसं उठून स्पीकरची वायर तपासायला गेली आणि मागून कुणीतरी ओरडलं की आवाज गेलाय. सहा महिन्यांची मेहनत त्या चाळीस सेकंदांत गेली, मला ते अजून लागतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कम्प्युटरमधलं शून्य म्हणजे शांतता नाही, ते म्हणजे बिघाड. खऱ्या शांततेला आवाज असतो, हवेचा, भिंतींचा, लांबच्या कुत्र्याचा. म्हणून प्रत्येक लोकेशनला सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करून नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करायचा, अगदी प्रत्येक ठिकाणी, आळस करायचा नाही. घरातला करायचा असेल तर लाईट जायची वाट बघा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, फ्रीज, पंखा, इन्व्हर्टर यांची गुणगुण आपल्या कानाला कळत नाही पण माईकला कळते.

दुसऱ्या फिल्ममध्ये मी उलटं केलं, नेटवरून फुकट साऊंड घेऊन लांडगे, वादळ, कावळे सगळं भरलं. तेही पडलं. लांडग्याची ती आरोळी ऐकली की हा दुसरीकडचा पिक्चर आहे हे लगेच कळतं. आपल्या माळावर रात्री टिटवी ओरडते. तिचा आवाज अशुभ असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, तेवढी एकच पुरते.

खरं उत्तर मला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिळालं. आमचं घर पूर्वभागात, आजूबाजूला यंत्रमागांचे कारखाने, जन्मल्यापासून ती खटखट कानात आहे, आम्ही तिच्यातच अभ्यास केला, तिच्यातच झोपलो. मार्चअखेरीला माग बंद झाले. पहिल्या रात्री मी गच्चीवर होतो, शेजारच्या तेलुगू आजी त्यांच्या उंबऱ्यावर बसलेल्या, रात्रीचे साडेबारा झालेले, त्यांना विचारलं तर म्हणाल्या आवाज नाही तर झोप लागत नाही. मला त्या रात्री भिंतीपलीकडच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. टाकीत पडणारा थेंब ऐकू येत होता. प्रवासी गाड्या बंद होत्या, मध्येच कुठंतरी मालगाडीचा हॉर्न यायचा आणि मग परत काही नाही. रिकामे रस्ते आम्ही टीव्हीवर बघत होतो, त्याची एवढी भीती वाटली नाही. भीती वाटली ती हे ऐकून.

तेव्हा कळलं की शांतता ऐकवायची असेल तर आधी आवाज ऐकवावा लागतो. प्रेक्षकाच्या कानाला एखाद्या आवाजाची इतकी सवय लावायची की तो ऐकायचंच सोडून देईल, आणि मग तो काढून घ्यायचा. आमच्या तिसऱ्या फिल्मची पहिली दोन मिनिटं मागांच्या खटखटीवर आहेत, घरात स्वयंपाक चाललाय, पोरं भांडतायत, कुणी मागांबद्दल एक शब्द बोलत नाही. मग माग थांबतात. एकदम सगळे नाही, एकेक करत, शेवटी एकटाच माग चार-पाच सेकंद चालतो, आणि तोही थांबतो. त्यानंतर दोन सेकंद फक्त खोलीची हवा, आणि मग बॅरलमध्ये पडणारा थेंब, जो आधीपासून पडतच होता पण ऐकू येत नव्हता. मोठ्या आवाजाची सवय झालेल्या कानाला तो थेंब केवढा मोठा वाटतो ते करून बघा. हॉलमध्ये त्या वेळी कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.

हे रेकॉर्ड करायला मला तीन संध्याकाळी लागल्या, तुमच्या वाचाव्यात म्हणून सविस्तर सांगतो. ओळखीच्या कारखानदाराला विचारून संध्याकाळी माग बंद करायच्या वेळी गेलो, कारण बंद होतानाचा आवाज दिवसातून एकदाच मिळतो. पहिल्या दिवशी मोबाईल आत ठेवला, आवाज इतका प्रचंड की रेकॉर्डिंग सगळं फाटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत भिंतीआड ठेवला, आवाज स्वच्छ आला, घरी येऊन ऐकलं तर माग थांबल्यावर शांतता येतच नाही, उलट हळूहळू एक सूंऽऽ वर चढत मागांइतकीच मोठी होते. डोकं फुटायची वेळ आली. कारण होतं ऑटो गेन. मोबाईल आणि बरेच स्वस्त रेकॉर्डर आवाज कमी झाला की आपणहून लेव्हल वाढवतात, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून, आणि त्यामुळं तुमची शांतता मारली जाते. ते बंद करता येईल असं रेकॉर्डिंग ॲप घ्या, लेव्हल हातानं लावा, सगळ्यात मोठा आवाज ॲपच्या मीटरवर वजा १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी, आणि सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ, जमलं तर २४ बिट निवडा. आणि एकदा लावली की मध्ये हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी असं केलं आणि पहिल्याच टेकला मिळालं. हा आवाज ज्यांच्या कामाचा आहे त्या कामगारांची नावं शेवटच्या पाटीत घाला, त्यांना विचारून.

तुमच्या घराजवळ माग नसतील तर तुमचा आवाज वेगळा असेल, पिठाची गिरणी, ऊसतोडीच्या दिवसातले ट्रॅक्टर, स्टेशनची अनाउन्समेंट. पण तुमच्या रोजच्या कानातला असला पाहिजे, डाऊनलोड केलेला नको.

संवाद बाहेर नीट येत नाहीत, डबिंग धरूनच चाला. स्टुडिओची गरज नाही. खोलीत दोन दोऱ्या बांधा आणि घरातल्या सहा-सात सोलापुरी चादरी चारी बाजूंनी दुहेरी टाकून लटकवा, जाड विणीची सुती चादर खोलीतला घुमणारा आवाज छान खाते. मे महिन्यात आत पाच मिनिटांवर थांबवत नाही, संध्याकाळी करा.

एडिटला एकच सावधगिरी. भीतीसाठी सगळे खालचा घर्रर्र आवाज टाकतात, हेडफोनवर पोटात गोळा येतो, पण तुमची फिल्म बहुतेक लोक मोबाईलच्या स्पीकरवर बघणार आणि त्यातून साधारण १५० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे तुमचा राक्षस त्यांच्यासाठी मुका. त्या घर्रर्रवर थोडा वरच्या पट्टीतला आवाज चढवा, पत्रा घासल्याचा, लाकूड करकरल्याचा, आणि फायनल करण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाईलवर ऐका.

मग हॉल. तासभर आधी जा, माग थांबतात तो सीन लावून शेवटच्या रांगेत उभं राहा, तिथं थेंब ऐकू आला पाहिजे. नाही आला तर लेव्हल वाढवत बसू नका, आधी पंखे बंद करायला सांगा, बहुतेक वेळा थेंब पंख्याखाली बुडालेला असतो. उन्हाळ्यात पंखे बंद करायला कुणी तयार होत नाही म्हणून आम्ही शो डिसेंबरातच ठेवतो. जानेवारीत ठेवायचा असेल तर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाजवळचा हॉल घेऊ नका, यात्रेच्या गोंगाटात थेंब बुडतो.