प्रोजेक्टची डावी बाजू स्पायरलमध्ये गेली तर काय करणार? आधीच मार्जिन लावा

अमळनेरला कॉलेजच्या रस्त्यावर माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, आणि सबमिशन जवळ आलं की रोज एकच सीन. पोरगं पेनड्राइव्ह घेऊन येतं, "आज शेवटला दिन शे, काहीबी करा भो" म्हणतं, आणि फाइल उघडली की चारही बाजूंना अर्धा इंच मार्जिन. का, तर पानं कमी होतात, पैसे वाचतात. पण स्पायरलची भोकं आणि तार मिळून सहज सेंटिमीटरभर जागा खातात, मग प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर तारेला जाऊन चिकटतं आणि परत सगळं प्रिंट, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच गेले.

तर टायपिंगला हात लावायच्या आधी पान सेट करायचं. वर्डमध्ये वर लेआउट टॅब आहे (जुन्या वर्डमध्ये त्यालाच पेज लेआउट म्हणतात), तिथे सगळ्यात आधी साइज बघा, मार्जिन नंतर. बऱ्याच कॉम्प्युटरला तिथे लेटर असतं आणि आपल्याकडे कागद मिळतो ए-फोर. लेटर 8.5 बाय 11 इंच, ए-फोर 210 बाय 297 मिलिमीटर, म्हणजे ए-फोर थोडा अरुंद पण जवळपास पावणेदोन सेंटिमीटर लांब. हे आधी नाही बदललं तर नंतर पानं सरकतात आणि अनुक्रमणिकेतले नंबर सगळे चुकतात.

मग मार्जिन्सवर क्लिक करून सगळ्यात खाली कस्टम मार्जिन्स. कॉलेजने आकडे दिले असतील तर तेच टाका, नसतील तर मी लेफ्ट 1.5 इंच आणि बाकी तिन्ही बाजू 1 इंच ठेवतो. गाइडने सेंटिमीटरमध्ये सांगितलंय आणि वर्ड इंच दाखवतंय म्हणून घाबरू नका, आकड्यापुढे सीएम टाइप केलं तरी ते समजून घेतं. खाली अप्लाय टू मध्ये होल डॉक्युमेंट आहे ना तेवढं बघा, नाहीतर अर्ध्या फाइलला एक मार्जिन आणि अर्ध्याला दुसरं.

तिथेच गटर नावाचा एक रकाना आहे. गटर म्हणजे बाइंडिंगसाठी वेगळी सोडलेली जागा. एकतर लेफ्ट 1.5 ठेवा, नाहीतर लेफ्ट 1 आणि गटर 0.5. काही जण दोन्ही करतात, मग डावीकडे दोन इंच मोकळं मैदान. पाठपोट प्रिंट काढायची असेल तर मल्टिपल पेजेसमध्ये मिरर मार्जिन्स निवडा, मग लेफ्ट-राइटच्या जागी इनसाइड-आउटसाइड येतं आणि मागच्या पानावर मोठी बाजू आपोआप उजवीकडे जाते.

आता खरी डोकेदुखी, मोठा टेबल. केळीवर प्रोजेक्ट करणारी पोरं रावेर-यावलच्या गावांचा दहा-बारा कॉलमचा तक्ता आणतात, तो उभ्या पानात बसत नाही म्हणून अख्खी फाइलच आडवी करून टाकतात! तसं करायची गरज नाही. टेबलच्या आधी कर्सर ठेवून लेआउट, ब्रेक्स, त्यात सेक्शन ब्रेकखालचं नेक्स्ट पेज, टेबल संपल्यावर परत तेच, आणि मग मधल्या पानात क्लिक करून ओरिएंटेशन लँडस्केप. फक्त तेवढंच पान आडवं होतं आणि रुंदीला दहा सेंटिमीटर जागा जास्त मिळते. एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात, आडवं पान फाइलमध्ये बांधलं की बाइंडिंग त्याच्या वरच्या बाजूला येतं, म्हणून त्या पानाचं टॉप मार्जिन दीड इंच आहे का ते उघडून बघा.

पान नंबरचंही असंच. सर्टिफिकेट आणि आभाराच्या पानांवर नंबर नको असेल तर तिथे पण सेक्शन ब्रेक, मग पुढच्या फुटरवर डबल क्लिक करून लिंक टू प्रीव्हियस बंद, आणि पेज नंबरच्या फॉरमॅटमध्ये स्टार्ट ॲट 1. लिंक बंद न करता आधीचे नंबर डिलीट केले तर सगळीकडचे उडतात, मग पोरं म्हणतात वर्ड खराब झालं.

नवीन प्रकरण नवीन पानावर पाहिजे म्हणून पंधरा वेळा एंटर मारू नका हो. कंट्रोल एंटर दाबा, झालं. एंटरवाली फाइल ओळखायची असेल तर कंट्रोल शिफ्ट 8 दाबून बघा, उलट्या पी सारख्या खुणांची रांगच दिसते, आणि वर एक ओळ वाढवली की सगळी रांग खाली सरकते.

मराठीत टाइप करत असाल तर अजून एक. मंगलसारख्या फॉन्टची ओळ उंच असते, पानं वाढतात, मग कोणीतरी सांगतं की लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली करून आकडा कमी कर. तसं केलं की वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, "सर्व"चं "सव" दिसतं. त्यापेक्षा मल्टिपल ठेवा किंवा फॉन्ट एक पॉइंट कमी करा.

गूगल डॉक्स वापरत असाल तर फाइल मेनूमध्ये पेज सेटअप, लिब्रेऑफिसमध्ये फॉरमॅट मेनूमध्ये पेज स्टाइल, बाकी हिशोब तोच.

आणि दुकानात वर्डची फाइल आणूच नका, पीडीएफ करून आणा, कारण तुमचा फॉन्ट आमच्या मशीनवर नसला की ओळी हलल्याच समजा. प्रिंट देताना फिट नको, ॲक्च्युअल साइज सांगा, फिटमध्ये पान बारीक होऊन मार्जिन बदलतं. आधी एकच पान काढायला सांगा, पट्टी लावून डावीकडे 3.8 सेंटिमीटर भरतं का बघा, भरलं की मग बाकीची ऐंशी पानं सोडा.